पिळलेला पूल

"तुम्ही खऱ्या डिटेक्टिव्ह आहात, की नुसती पाटीच लावलीय?"

प्रश्न मैत्रिणींचा होता. खाली जिन्यापाशी तिघीजणी तोंडावर हात दाबून उभ्या होत्या, आणि 'विचारून दाखव, नाहीतर उद्यापासून तुला भित्री भागूबाई म्हणणार' अशी पैज लागली होती. ठिणगीने दार ढकललं आणि एका दमात विचारून टाकलं. मग मात्र तिला वाटलं, पायाखालची फरशी दुभंगली तर बरं.

टेबलामागच्या बाईंनी वर पाहिलंही नाही. त्या एका बंद पडलेल्या घड्याळाचं झाकण अंगठ्याच्या नखाने चाचपत होत्या.

"पाटीवर काय लिहिलंय?"

"खाजगी तपास. बेल दाबू नये, बिघडली आहे."

"दाबलीस?"

"नाही."

"मग पाटी खरी आहे. बस."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून खो खो हसू आलं. तिथे एक अगडबंब गृहस्थ मांडीवर वही घेऊन बसले होते. ते बाईंचे मदतनीस. सगळे त्यांना हवालदार म्हणत. पोलिसात ते एक दिवसही नव्हते. नाव मिशीमुळे चिकटलं होतं.

"पैज जिंकलीस. खालची खुसखुस इथवर ऐकू येते," बाई तिच्याकडे एक नजर टाकून म्हणाल्या. "आता स्वतःचा प्रश्न विचार. नुसत्या पैजेसाठी कुणी डोळे सुजवून येत नाही."

ठिणगीने दप्तर पोटाशी घट्ट धरलं.

"दोनशे पोती वाळू ठेवली तेव्हा जो पूल तसूभर हलला नाही, तो चाळीस मुलांनी कसा पिळला?"

आता बाईंनी घड्याळ बाजूला ठेवलं.

कालव्यावरच्या नव्या पादचारी पुलाची बातमी गावभर झाली होती. कालच, गुरुवारी, उद्घाटन झालं. खाली होड्यांची शर्यत होती. होड्या शेवटच्या टप्प्यात आल्या आणि पुलावरची सगळी मुलं ओरडत एकाच कठड्याकडे धावली. दुसऱ्या क्षणी पूल दाराच्या फळीसारखा त्या बाजूला कलला. मुलं घसरत पाण्यात पडली. सगळी वाचली, पण गणिताच्या बाईंचा पाय मोडला आणि ठिणगीच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचा हात.

"आणि पुलाचं वेल्डिंग माझ्या बाबांनी केलंय," ठिणगी म्हणाली. "अहवालात लिहिलंय की त्यांचा सांधा फाटला. सोमवारी दहा वाजता चौकशी समिती बसणार आहे. बाबांचा परवाना जाईल, शिवाय खटलाही होईल. कालपासून ते जेवले नाहीत. घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. आमच्या घरात, जिथे एरवी कानात कापूस घालून बसावं लागतं!"

"अहवाल कोणी लिहिला?"

ठिणगीचा आवाज एकदम खाली गेला.

"साइट इंजिनिअरने. म्हणजे माझ्या मामाने. आईचा सख्खा धाकटा भाऊ. लिहिताना रडला तो. म्हणाला, ताई, जे दिसलं ते लिहिणं मला भाग आहे."

हवालदारांनी वहीत लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.

"सोपं आहे," ते म्हणाले. "मुलं नाचली असणार. नाचल्यावर पलंगसुद्धा मोडतो."

"हवालदार, तुमचा पलंग तुम्ही नुसते बसलात तरी मोडतो," बाई उठत म्हणाल्या. "चला. उजेड आहे तोवर पूल पाहू."

*

पूल अजून जागेवरच होता, पण झोपेत कूस बदलल्यासारखा. त्याची रचना साधी होती. मधोमध एक जाड पोलादी नळी या काठापासून त्या काठापर्यंत गेलेली. दोन मुलींनी मिळून कवेत घ्यावी एवढी जाड, पण तिचा पत्रा करंगळीपेक्षाही पातळ. नळीला दोन्ही बाजूंनी माशाच्या काट्यासारखे हात, आणि त्या हातांवर चालायच्या फळ्या.

"एवढ्या पातळ पत्र्यावर पूल?" हवालदार म्हणाले. "ह्यात काही दम आहे का?"

"अंड्याचं कवच मुठीत धरून सगळीकडून सारखं दाबा. फुटणार नाही," बाई म्हणाल्या. "पातळ गोष्टीची ताकद जाडीत नसते, हवालदार. आकारात असते."

त्या काठावरून खाली उतरल्या आणि नळीच्या टोकाशी गेल्या. तिथे पत्रा फाटला होता. फाट तिरकी होती. नळीच्या शर्यतीकडच्या बाजूला, म्हणजे मुलं धावली त्या बाजूला, उंचीच्या बरोबर मध्यावर, दिव्यांची लांबच लांब पट्टी बसवलेली होती. पालिकेच्या अध्यक्षांनी हौसेने लावून घेतलेली. त्या पट्टीच्या टोकापासून फाट निघत होती, तिरकी खाली जात होती आणि नळीच्या पोटावरचा वेल्डिंगचा सांधा ओलांडून पुढे हातभर गेली होती.

"हाच तो फाटलेला सांधा," ठिणगी हळूच म्हणाली.

"सदऱ्याची शिवण कच्ची असली तर सदरा कुठे उसवतो?"

"शिवणीवर."

"शिवणीवर, की शिवण आडवी कापून?"

ठिणगीने वाकून फाटेचं टोक शोधलं. हवालदारांनी स्वतःच्या सदऱ्याची शिवण ओढून पाहिली.

बाईंचा अंगठा आता दिव्यांच्या पट्टीवरून फिरत होता. पत्र्यावरून झाकणावर, झाकणावरून पत्र्यावर. अंगठा कुठेही अडखळला नाही. काच बसवलेल्या खिडकीसारखं झाकण पत्र्याशी सपाट होतं. पट्टी पार पलीकडच्या काठापर्यंत गेली होती. दोन्ही टोकांना फक्त हातभर नळी सोडली होती.

जवळच एक नावाडी होडीतलं पाणी उपसत होता. गुरुवारी अर्धी मुलं त्यानेच ओढून वर काढली होती.

"मुलं पडली तेव्हा तुम्ही कुठे होतात?" बाईंनी विचारलं.

"बरोबर खाली! आधी वाटलं पाऊस आला. डोक्यावर भसाभस पाणी. वर बघतो तर पूल वाकडा, आणि मग पोरं. माझा शर्ट बघा, कालच पहिल्यांदा घातला होता." त्याने वल्ह्यावर वाळत टाकलेला पांढरा शर्ट दाखवला. खांद्यांवर तांबूस, गंजाचे डाग होते. "तीनदा धुतला. बायको म्हणते, आता फरशी पुसायला घे."

"कालव्याचं पाणी तर हिरवं आहे," हवालदार म्हणाले.

"पाऊस कधी पडला होता?" बाईंनी विचारलं.

"गेल्या आठवड्यात, दोन दिवस. तेव्हापासून कडक ऊन."

बाईंनी मान डोलावली. हवालदारांनीही डोलावली, पण त्यांना काही कळलं होतं अशातला भाग नव्हता.

*

शनिवारी सकाळी बाई ठिणगी आणि हवालदारांसोबत वर्कशॉपमध्ये आल्या. ठिणगीचे बाबा स्टुलावर बसून होते. यंत्र बंद, हातात थंड झालेला चहा.

"सांधा कसा तपासलात?" बाईंनी विचारलं.

"एक्स-रे काढला वेल्डिंग इन्स्पेक्टरने. पण माझं समाधान नाही झालं." बाबा जमिनीकडे बघून बोलत होते. "दोन्ही टोकं बंद केल्यावर मी नळीत हवा भरली. मग सगळ्या सांध्यांवर साबणाचा फेस लावला. कुठे सुईएवढं जरी भोक असलं तरी बुडबुडा येतो. एक बुडबुडा आला नाही. रात्रभर काट्यावर दाब जागचा हलला नाही."

"म्हणजे नळीत हवा शिरणार नाही."

"हवा नाही, पाणी नाही, मुंगी नाही."

"आणि पूल सपाट होता?"

"पाणसळ लावून पाहिली होती मी. दर दहा पावलांवर. बुडबुडा मधोमध." बाबांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "बाई, पोरीने तुम्हाला बोलावलं हे मला मागाहून कळलं. पण एक सांगतो. त्या मुलांच्या जागी माझी मुलगी होती असं समजूनच मी प्रत्येक टाका मारला होता."

"मी होतेच की तिथे, बाबा," ठिणगी म्हणाली. "मी दुसऱ्या कठड्याला लटकले म्हणून पडले नाही."

बाबांनी चहा खाली ठेवला. 

पुलावरची पट्टी बसवणारा दिवेवाला पुढच्या गल्लीत त्याच्या दुकानात वायरींच्या वेटोळ्यांत बसला होता. बाईंना पाहून त्याने उगाचच रेडिओ मोठा केला.

"पट्टी कशी बसवली?"

"चिकटवली. वरून. चांगला गोंद येतो हल्ली."

"किती दिवस लागले?"

"पाच! अहो, झुल्यावर लटकून, आडवं होऊन काम. मान अजून वळत नाही. नळीच्या पोटाला लावली असती तर खाली होडी उभी करून दोन दिवसांत उरकलं असतं. उजेडही पाण्यावर पडला असता. पण जागा ठरलेली होती. नळीच्या बरोबर मध्यावर, एक बोटही वर-खाली नको."

"कोणी ठरवली?"

दिवेवाल्याने रेडिओचं बटण उगाच फिरवलं. "ठरलेली होती."

"काम झाल्यावर काही वेगळं वाटलं?"

"नाही. म्हणजे... फळीवर पेचकस ठेवला की शर्यतीच्या बाजूला घरंगळायचा. आधी तसा जात नव्हता. मला वाटलं, पावसाचं पाणी वाहून जायला उतार दिला असेल."

बाहेर आल्यावर हवालदार कुजबुजले, "हा लबाड आहे. गोंदाची डबी दुकानात एकही नव्हती."

"शाबास, हवालदार. आज तुम्हाला दोन कप चहा."

*

मामाचं ऑफिस पालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. ठिणगीला पाहताच तो उठला, तिच्या डोक्यावर टपली मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. त्याचे डोळेही सुजले होते.

"भाऊजींचा माझ्यावर राग आहे का गं?"

"ते कोणावरच रागवत नाहीत. तेच तर वाईट आहे," ठिणगी म्हणाली.

बाईंनी वाळूच्या चाचणीबद्दल विचारलं. मामा एकदम सावरून बसला. हे त्याचं आवडतं अंगण होतं.

"दोनशे पोती. पुलाच्या दोन्ही बाजूंना शंभर-शंभर, तराजूत तोलल्यासारखी. दोन दिवस ठेवली. पूल मधे केसभर झुकला, पोती काढल्यावर परत वर. चाळीस मुलांचं वजन त्याच्या पावही भरत नाही. म्हणून तर म्हणतो, सांधाच कच्चा असणार."

"झुकतो म्हणजे नक्की काय होतं?" हवालदारांनी विचारलं. "माझं डोकं जरा हळू चालतं."

मामाने टेबलावरचं लांब खोडरबर उचललं. त्याच्या कडेवर पेनने आडव्या तीन रेघा मारल्या, वर, मधे, खाली, आणि ते दोन्ही टोकांना धरून वाकवलं.

"बघा. वरची रेघ आखडते, खालची ताणली जाते. आणि मधली..."

"मधली आळशी!" ठिणगी पटकन म्हणाली. हे तिला पाठ होतं. सहावीपासून मामा तिला असंच शिकवत आला होता. "तिला ना ताण, ना दाब."

"माझी शिष्या," मामा म्हणाला, आणि क्षणभर जुना मामा हसला.

बाईंनी ते खोडरबर हातात घेऊन बराच वेळ पाहिलं.

"दिव्यांची जागा कोणी ठरवली?"

"अध्यक्षांनी सांगितलं दिवे हवेत," मामा म्हणाला. "बाकी दिवेवाल्याचं काम."

संध्याकाळी बाईंनी पुलाचा आराखडा करणाऱ्या मॅडमना फोन लावला. त्या दुसऱ्या शहरात होत्या. आवाज कुऱ्हाडीसारखा.

"दिवे? माझ्या नकाशात एकही दिवा नाही. आणि नकाशावर पहिल्याच पानावर लिहिलंय, नळीला टाचणीएवढं भोक पाडायचं असेल तरी आधी मला विचारा. कोणी विचारलं नाही. का?"

"सोमवारी कळवते," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग ठिणगीकडे वळल्या. "उद्या दुपारी चार वाजता वर्कशॉपमध्ये सगळ्यांना बोलाव. आई, बाबा, मामा. दिवेवाल्याला हवालदार आणतील. पुठ्ठ्याच्या दोन नळ्या लागतील, कापडाच्या ताग्यात असतात तशा. आणि ठिणगे, अजून वेळ आहे. तपास थांबवायचा असेल तर आत्ताच सांग."

"का थांबवायचा?"

बाईंनी पुन्हा ते बंद घड्याळ हातात घेतलं. ठिणगीला त्या रात्री उगाचच खोडरबरावरच्या तीन रेघा दिसत राहिल्या.

*

रविवारी चार वाजता वर्कशॉपचं शटर अर्धं ओढलेलं होतं. बाबा स्टुलावर, आई त्यांच्या मागे, मामा दाराजवळ उभा. दिवेवाला हवालदारांच्या सावलीत अंग चोरून बसला होता.

बाईंनी पुठ्ठ्याची एक नळी उचलली.

"ही नळी बंद आहे. मामासाहेब, पिळा."

मामाने दोन्ही टोकं धरून पिळली. नळी हलली नाही. हवालदारांनी जोर लावून पाहिला. त्यांचा चेहरा लाल झाला, नळी तशीच.

बाईंनी दुसरी नळी घेतली आणि पात्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबीत एक सरळ काप दिला. मग ती दोन खुर्च्यांवर आडवी ठेवली, काप बाजूला येईल अशी, आणि वर हवालदारांच्या दोन जाड वह्या रचल्या. नळीने वह्या सहज पेलल्या.

"वाळूची चाचणी पास," त्या म्हणाल्या. "आता पीळ, ठिणगे."

ठिणगीने टोकं धरली आणि मनगटं फिरवली. नळी ओल्या पंच्यासारखी पिळली गेली. कापाच्या दोन्ही कडा एकमेकींना घासत, एक इकडे, एक तिकडे सरकल्या.

"अरे देवा," आई म्हणाली.

"पिळताना पातळ नळीतला प्रत्येक पट्टा शेजारच्या पट्ट्यावरून घसरू पाहतो. त्या घसरण्याला इंजिनिअर लोक शिअर म्हणतात. नळी बंद असली की हे बळ गोल गोल फिरतं. सगळे एकमेकांचे हात धरून उभे असतात, कोणी कोणाला घसरू देत नाही. एक हात सुटला की रिंगण संपलं. वाळू दोन्ही बाजूंना सारखी होती, म्हणून पीळ नावापुरताच पडला. मुलं एका बाजूला धावली, आणि पहिल्यांदा खरा पीळ पडला."

"पण आपली नळी तर बंद होती!" बाबा म्हणाले. "फेस लावून पाहिली मी!"

"तुम्ही सोडलीत तेव्हा बंद होती. मग पावसाचं पाणी आत कसं साचलं? नावाड्याच्या शर्टावर गंजाचं पाणी पडलं ते कालव्याचं नव्हतं, ढगातलंही नव्हतं. ते नळीच्या पोटातून आलं. दिव्यांचं झाकण पत्र्याशी सपाट आहे. वरून चिकटवलेली पट्टी अंगठ्याला लागते. ही लागत नाही, कारण ती पत्र्याच्या आत बसवलीय. आणि पेचकस घरंगळू लागला तो दिवे बसवल्यानंतर. एका बाजूला चिरलेली नळी सरळ वजनानेसुद्धा चिरेच्या बाजूला थोडी कलते. शेवटी फाट. ती चिरेच्या टोकातून निघाली आणि सांधा आडवा कापत गेली. सांधा फाटला नाही. वाटेत आला."

दिवेवाल्याने तोंड ओंजळीत लपवलं.

"मी कापली," तो पुटपुटला. "कटरने. मला सांगितलं होतं, कोणी विचारलं तर चिकटवली म्हण. बाई, मला पुढची कामंही पालिकेतूनच मिळतात..."

"मग झालं!" हवालदार उठले. "गुन्हेगार सापडला."

"बसा, हवालदार. हात सापडला. तो आपल्या मनाने कापता तर पोटाला कापता, होडीत उभा राहून दोन दिवसांत. अध्यक्षांना जागेशी देणंघेणं नव्हतं, त्यांना उजेड हवा होता. मॅडम तर टाचणीसुद्धा लावू देत नाहीत. मग पाच दिवस लटकून, एक बोटही इकडेतिकडे न होऊ देता, चीर बरोबर मध्यावरच का?" बाई ठिणगीकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. "मी सांगू शकते. पण उत्तर तुला ठाऊक आहे."

वर्कशॉपमध्ये कुठेतरी पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज आला.  काल रात्रीपासून जे मनाच्या दारावर धडका देत होतं, ते आता आत आलं होतं.

"कारण मधली रेघ आळशी असते," ती म्हणाली. "तिला ना ताण, ना दाब. तिथे कापलं तर पूल कमजोर होणार नाही असं ज्याला वाटलं, त्याने ती जागा ठरवली." तिने मान वळवली. "मामा, तू निष्काळजीपणा नाही केलास. तू खूप विचार करून जागा निवडलीस. म्हणूनच कळलं."

मामा शटरला टेकला. 

बाईंनी हवालदारांची एक वही घेतली आणि दोन्ही हातांनी वाकवली. पानं एकमेकांवरून सरकली, कडा तिरकी झाली.

"मधली रेघ आळशी नसते," त्या म्हणाल्या. "वरचा भाग आणि खालचा भाग एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून तीच सगळ्यात जास्त झटते. ताण-दाब तिथे शून्य, शिअर तिथे सगळ्यात मोठं. अर्धं शिकलेल्याला पहिली गोष्ट आठवते. अडाणी माणसाने ही चूक केलीच नसती."

"आठ दिवसांवर उद्घाटन होतं," मामा बोलू लागला. आवाज कागदासारखा फाटका. "अध्यक्षांना पट्टी बाहेर आलेली नको होती. मॅडमना विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या. अध्यक्ष म्हणाले असते, एवढंही तुम्हाला ठरवता येत नाही? मी खडूने रेषा मारून दिली. खरंच वाटलं, तिथे काही होणार नाही. गुरुवारी फाट पाहिली आणि सगळं कळलं. आणि... सांधा तिथेच होता, भाऊजी. हात लिहीत गेला."

आई त्याच्याकडे गेली. ठिणगीला वाटलं, ती आता त्याच्या कानाखाली देणार. पण तिने नुसता त्याचा खांदा धरला, आणि तिचाच तोल गेल्यासारखी उभी राहिली.

"उद्या समितीपुढे सांगशील?" तिने विचारलं.

"ताई, माझं सगळं जाईल. नोकरी, नाव... तुरुंगसुद्धा." तो जमिनीकडे बघत राहिला. "मला जमेल असं वाटत नाही."

 मग बाबा उठले. त्यांनी आजचाही थंड झालेला चहा मोरीत ओतला आणि कप विसळला.

"बाई, तुमचे उपकार झाले," ते म्हणाले. "माझा सांधा पक्का होता, एवढं मला कळलं. आता मी झोपेन. पण हे इथेच राहू द्या. तो माझ्या बायकोचा भाऊ आहे. वेल्डिंग गेलं तर मी दुसरं काही करेन."

"नाही हो," आई म्हणाली, पण तिने मामाचा खांदा सोडला नाही. ती रडत होती, आणि कोणाच्या बाजूने रडतेय ते तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

बाईंनी हवालदारांना खूण केली. "मला काम दिलं ते या मुलीने," त्या म्हणाल्या. "कोणापुढे काय सांगायचं ते तिने ठरवायचं." आणि दोघं दिवेवाल्याला घेऊन शटरखालून वाकून बाहेर गेली.

ठिणगी वर्कशॉपच्या मधोमध उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे बाकावरची रिकामी जागा होती, प्लास्टरमधला हात होता. आणि मामा होता, ज्याने तिला पहिल्यांदा शिकवलं होतं की 'का' विचारायला लाजायचं नसतं.

"आई, बाबा, ऐका," ती म्हणाली. आवाज जरा चिरकला, पण थांबला नाही. "उद्या मी शाळेत जाणार नाही. दहा वाजता समितीपुढे जाणार. मामा, तू आधी उठलास तर मी मागे बसेन, आणि बाहेर आलास की पहिली मीच तुझा हात धरेन. नाही उठलास तर मी उठेन, आणि सगळं सांगेन."

"ठिणगे..." बाबा म्हणाले.

"परवानगी मागत नाहीये, बाबा. सांगतेय."